बंट केला की नाही, हे ठरवायचं कशावरून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्रीडा पान वाचणारे पालक, कोच आणि खास करून मुलांच्या बेसबॉल मॅचला अंपायर म्हणून उभे राहणारे लोक यांच्यासाठी हे पत्र लिहितोय. पत्र लांब झालंय, पण विषयच तसा आहे, जमलं तर पूर्ण छापा.

मुलांच्या मॅचमध्ये भांडणं कशावरून होतात ते बघा. होमरनवरून होत नाहीत, बॉल कुंपणाबाहेर गेला की विषय संपला. भांडण होतं ते बंटवरून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, क्रिकेटमध्ये बॅट सैल धरून बॉल पायाशी मारून टाकतात ना, साधारण तसं, बॅटर बॅट आडवी करतो आणि पूर्ण न फिरवता बॉल हळूच इनफिल्डमध्ये, म्हणजे चार बेसच्या आतल्या भागात, पाडतो आणि फर्स्ट बेसकडे पळतो. बॉल जेमतेम काही फूट घरंगळतो, पण तेवढ्या दोन-तीन सेकंदात अंपायरला काय काय बघायचं असतं! पाय बॉक्समध्ये (बॅटरने उभं राहायच्या चौकोनात) होता का, बॉल हाताला लागला की बॅटला, फेअर (रेषांच्या आत) की फाउल (रेषांच्या बाहेर), बॅट दुसऱ्यांदा लागली का, कॅचर आणि बॅटर एकमेकांवर आदळले तर कुणाचं चुकलं, आणि थ्रो येताना रनर नेमका कुठून पळत होता. सगळं एकदम आणि सगळं होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर जिच्याजवळ उभा राहतो त्या पाटीच्या, आसपास. तिथे एखादी गोष्ट नजरेतून सुटली तर मी अंपायरला कधीच दोष देणार नाही. उन्हात उभा असलेला एक माणूस, बऱ्याचदा जोडीला दुसरा अंपायर पण नसतो, त्याने तरी किती बघायचं.

माझी तक्रार वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. बंटच्या बाबतीत मुलांच्या मॅचला होणारे कितीतरी चुकीचे निर्णय नजरेमुळे होतच नाहीत, ते पुस्तकात नसलेल्या नियमांमुळे होतात. कुणीतरी कुणालातरी सांगितलेले, कोचने लहानपणी ऐकलेले, प्रेक्षकांतून ओरडून सांगितले जाणारे नियम. आणि ते इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जातात की नवीन अंपायर तेच खरं धरून चालतो.

सगळ्यात मोठा घोळ, बॅट पुढे धरलेली राहिली म्हणजे स्ट्राइक (बॅटरच्या विरुद्ध धरायची चूक, तीन झाल्या की आउट). हे मी अक्षरशः सगळीकडे ऐकलंय. मुलगा बंटसाठी वळतो, बॅट प्लेटवर आडवी धरतो, पिच, म्हणजे पिचरने टाकलेला बॉल, बाहेर जाते, मुलगा बॅट मागे घेत नाही, अंपायर स्ट्राइक देतो आणि कोचने विचारलं तर सांगतो की बॅट मागे घेतली नाही ना. आता पुस्तक काय म्हणतं? बेसबॉलच्या नियमात बंटची व्याख्या अशी आहे की बॅट न फिरवता, मुद्दाम बॉलला बॅट लावून तो हळू इनफिल्डमध्ये टाकणं. स्ट्राइकची व्याख्या बघितली तर बॅटरने बॉल खेळायचा प्रयत्न केला आणि चुकला तर स्ट्राइक. म्हणजे प्रश्न प्रयत्नाचा आहे, बॅट कुठे होती याचा नाही. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलच्या संस्थेच्या पुस्तकात तर बंटच्या व्याख्येतच स्पष्ट लिहिलंय की नुसती स्ट्राइक झोनमध्ये (चांगली पिच प्लेटवरून जिथून जाते त्या जागेत) बॅट धरून ठेवणं हा बंटचा प्रयत्न धरायचा नाही. यापेक्षा सरळ अजून काय लिहिणार?

मग अंपायरने बघायचं काय, तर बॅट बॉलकडे गेली का. पिच बाहेर चाललीय आणि मुलाने हात लांब करून बॅट तिकडे नेली, तर तो प्रयत्न आहे, स्ट्राइक द्या. पिच खाली चाललीय आणि बॅट पण बॉलच्या मागे खाली गेली, प्रयत्न आहे. पण बॅट जिथे होती तिथेच राहिली आणि बॉल एक फूट बाहेरून गेला, तर तो ‘बॉल’च आहे, म्हणजे स्ट्राइक नाही, मग मुलाने बॅट मागे घेतलेली असो नाहीतर नसो. बॅट मागे घेणं हा खेळायचं नव्हतं याचा चांगला पुरावा आहे एवढंच, पण ती अट नाही. आणि लक्षात घ्या की हा वाद फक्त झोनच्या बाहेरच्या पिचवर आहे, पिच झोनमधून गेली असेल तर बॅट कुठेही असली तरी स्ट्राइकच आहे, तिथे भांडायचं कारणच नाही.

लहान मुलांच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे. नऊ-दहा वर्षांचं पोरगं, समोरून जोरात बॉल येतोय, ते घाबरून जागच्या जागी गोठतं, बॅट तशीच राहते हातात. त्याने काहीच प्रयत्न केलेला नसतो, त्याला काही सुचलेलंच नसतं. त्याला स्ट्राइक देऊन आपण शिकवतो काय? की पिच चांगली का वाईट हे बघू नकोस, आधी बॅट ओढ. मग ती मुलं इतक्या घाईने बॅट ओढायला लागतात की चांगल्या पिचवर पण बॅट मागे, आणि बंट शिकणं तिथेच थांबतं. मला हे फार लागतं, कारण बंट हे अंगाने लहान असलेल्या, अजून जोर न आलेल्या मुलांचं हक्काचं हत्यार आहे. ज्याला बॉल लांब मारता येत नाही त्याला सुद्धा टीमसाठी काहीतरी करून दाखवता येतं ते बंटमुळे.

हा गैरसमज आला कुठून याचा मी शोध घेतला तर थोडं कळलं, काही सॉफ्टबॉलच्या पुस्तकांत एकेकाळी असा नियम होता की बॅट झोनमध्ये राहिली तर तो प्रयत्न धरायचा, आणि दोन्ही खेळांना तेच अंपायर उभे राहतात तेव्हा एकातलं दुसऱ्यात जातं. माणूस म्हणून समजण्यासारखं आहे. पण आज कुठला खेळ आणि कुठलं पुस्तक, हे मॅचच्या आधी डोक्यात पक्कं पाहिजे.

इथे एक गोष्ट सांगतो जी मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा स्ट्राइक दिला आणि कोचने जाऊन शांतपणे विचारलं, सर, काय बघितलंत? अंपायर म्हणाला, मला वाटलं त्याने बॅट बॉलकडे नेली. विषय संपला. तो त्याच्या नजरेचा निर्णय आहे, चूक असला तरी अंतिम आहे, कोचने मुकाट्याने डगआउटमध्ये परत जायचं. पण अंपायर म्हणाला, बॅट झोनमध्ये होती म्हणून स्ट्राइक, तर ती नियमाची चूक आहे, आणि नियमाची चूक दुरुस्त करता येते. पिच तीच, निर्णय तोच, पण कारण बदललं की सगळंच बदलतं. बेसबॉलचे नियम हा फरक मानतात, नजरेच्या निर्णयावर वाद घालता येत नाही पण नियम चुकीचा लावला असेल तर मॅनेजर दाद मागू शकतो. लिटल लीगमध्ये त्यासाठी प्रोटेस्टची पद्धत आहे आणि ती पुढची पिच पडायच्या आत वापरावी लागते, मॅच संपल्यावर घरी जाऊन आठवलं तर उपयोग नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक मेजर लीगने 2020 पासून प्रोटेस्ट बंद केलं, तो त्यांचा प्रश्न, त्यांच्याकडे रिप्ले आहे, मैदानावर चार अंपायर आहेत. मुलांच्या मॅचला यातलं काही नसतं, म्हणून तिथे हा रस्ता उघडा राहिलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट, जी बघताना खरोखर वाईट वाटतं. बंट करताना बॉल हातावर बसतो. मुलगा कळवळतो, रडतो, आणि कडेने आवाज येतो, हात बॅटचाच भाग आहे, फाउल! नाही. हात बॅटचा भाग नाही, कुठल्याही पुस्तकात नाही, कधीच नव्हता. हात हा बॅटरच्या शरीराचा भाग आहे. बॉल हाताला लागला त्या क्षणी बॉल डेड, मग तो नंतर बॅटला लागून फेअरमध्ये गेला तरी काही अर्थ नाही, कुणी पळायचं नाही, कुणी आउट करायचं नाही.

आता पुढचा प्रश्न, बेस द्यायचा का? इथे पालक चिडतात, आणि मी त्यांना समजू शकतो, पण नियम स्पष्ट आहे. मुलाने बॉल खेळायचा प्रयत्न केला असेल आणि बॉल त्याला लागला, तर तो स्ट्राइक आहे. बेस मिळत नाही. दोन स्ट्राइक असतील तर तिसरा स्ट्राइक, आउट. बोट सुजलं तरी आउट. प्रयत्न केला नसेल, बॅट मागे घेत असताना लागला, पिच झोनमध्ये नव्हती आणि मुलाने चुकवायला बघितलं, तर फर्स्ट बेस. आणि बॉल आधी बॅटला लागून मग बॉक्समध्येच उभ्या असलेल्या मुलाच्या हाताला लागला तर फाउल. म्हणजे परत तोच प्रश्न आला, प्रयत्न होता की नव्हता, आणि जोडीला अजून एक, आधी काय लागलं. यात कान मदत करतात, बॅटचा आवाज वेगळा आणि बोटाचा वेगळा. पण माझी अंपायरांना हात जोडून विनंती आहे की आधी दोन्ही हात वर करून डेड बॉल जोरात म्हणा, खेळ थांबवा, मुलाकडे बघा, आणि मग निर्णय सांगा. रडणाऱ्या मुलाच्या डोक्यावर उभं राहून आधी स्ट्राइक थ्री ओरडायची घाई नसते.

आणि कोचना पण सांगायचंय, की बंट शिकवताना वरच्या हाताची बोटं बॅटच्या मागे ठेवायला शिकवा, बॅटच्या पुढच्या बाजूला बोटं आली की बॉल आणि बॅटच्या मध्ये सापडणारच. अंगावर येणाऱ्या पिचपासून मान आणि खांदा कॅचरच्या बाजूला कसा फिरवायचा हे पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट आहे, बंट कुठे टाकायचा ते नंतर.

दोन स्ट्राइकनंतरचा फाउल बंट म्हणजे आउट, हे बहुतेकांना माहीत असतं. फाउल बंटला स्ट्राइक धरायचं 1894 पासून आलं, कारण त्या काळात काही बॅटर मुद्दाम फाउल बंट करत करत पिचरला थकवायचे. नियम जुना आहे, कारण चांगलं आहे, पण मुलांच्या मॅचला घोटाळा होतो तो अर्धवट स्विंगमुळे. मुलगा स्विंग सुरू करतो, मध्येच थांबतो, बॉल बॅटला लागून फाउल जातो, आणि समोरच्या टीमचा कोच ओरडतो, बंट आहे, आउट! स्विंगच्या हालचालीत लागलेला बॉल बंट होत नाही, स्विंग कितीही दुबळा असला तरी. दोन स्ट्राइक असतील तर तो साधा फाउल, मुलगा परत उभा राहतो. बॅट फिरत होती की बॉलला लावायला पुढे धरली होती, एवढंच बघायचं. त्यातच एक जोडनियम, फाउल गेलेला बंट हवेत असताना पकडला तर तो कॅच आहे, बॅटर कॅचने आउट आणि बॉल लाइव्ह, रनर टॅग करून, म्हणजे आपल्या बेसला परत टेकून, पुढे जाऊ शकतात. आणि बंटला निसटता स्पर्श होऊन बॉल सरळ कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेला आणि पकडला गेला तर फाउल टिप, स्ट्राइक, आणि तिथेही बॉल लाइव्हच असतो, बेस चोरायला निघालेल्या रनरला परत बोलवायचं नाही. हे शेवटचं फार वेळा चुकतं.

पायाचा नियम. बॅटला बॉल लागला त्या क्षणी बॅटरचा पाय जमिनीवर आणि पूर्णपणे बॉक्सच्या बाहेर असेल तर आउट, बॉल फेअर गेला की फाउल याने फरक पडत नाही. यातले दोन शब्द लोक खाऊन टाकतात, पूर्णपणे आणि जमिनीवर. रेषा बॉक्सचाच भाग आहे, टाच रेषेला लागली असेल तर तो पाय आतच धरायचा. पाय हवेत असेल तर आउट नाही, मग पुढच्या क्षणी तो कुठेही पडो. डावखुरे बॅटर पळता पळता बंट करतात तेव्हा नेमकं हेच घडतं, बॉल लागतो तेव्हा पाय हवेत असतो, आणि लोकांना मात्र पाय पडलेला दिसतो तो बाहेर. प्लेटवर पाय आला तर आपोआप आउट का? अमेरिकेतल्या हायस्कूलच्या नियमांत प्लेटला पाय लागलेला असताना बॉल मारला तर आउट, असं वेगळं लिहिलंय. मेजर लीगच्या नियमात प्लेटचा असा वेगळा उल्लेख नाही, तिथे पूर्ण पाय बाहेर हीच कसोटी. म्हणजे परत पुस्तक कुठलं हे ठरलेलं पाहिजे. आणि खरं सांगायचं तर मुलांच्या मॅचला दोन-तीन इनिंगनंतर बॉक्सच्या रेषा राहतातच कुठे, सगळी पुसून धूळ झालेली असते. अशा वेळी अंपायरने अंदाजाने आउट देऊ नये असं मला वाटतं. पाय स्वच्छ बाहेर दिसला, म्हणजे प्लेटच्या पुढे एक पाऊल टाकून मारलाय, तर द्या. नाहीतर सोडा. आणि इनिंगच्या मध्ये चुना टाकून रेषा परत आखायला आयोजकांना काय हरकत आहे?

प्लेटवरून आठवलं. बंट प्लेटवर पडला की फाउल, हा अजून एक हवेतला नियम. होम प्लेट पूर्णपणे फेअर भागात आहे. बॉल प्लेटवर पडून पुढे फेअरमध्ये थांबला तर फेअर. रेषेवर असला तरी फेअर. आणि फेअर की फाउल हे बॉलला हात लागला तेव्हा बॉल कुठे होता यावरून ठरतं, फिल्डरचे पाय कुठे होते यावरून नाही. बंट रेषेच्या बाहेर जाऊन, कुणी हात न लावता, बेसच्या आधी परत आत आला तर फेअर. म्हणूनच फिल्डर रेषेवरून घरंगळणाऱ्या बॉलकडे नुसते बघत उभे राहतात. 1981 साली सिएटल मरिनर्सचा लेनी रँडल तर जमिनीवर पालथा पडून असा हळू घरंगळणारा बॉल फुंकर मारून फाउल करायला गेला होता, अंपायरने शेवटी ते चालवून घेतलं नाही आणि बॅटर अमोस ओटिसला हिट दिला. प्लेट अंपायरने इथे करायचं एकच, कॅचरच्या मागून पटकन बाहेर येऊन रेषेवर दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं, आणि फेअर असेल तर बोलायचं नाही, फक्त आतल्या बाजूला हात दाखवायचा. तोंडाने फक्त फाउल म्हणायचं. नवीन अंपायर उत्साहात फेअर फेअर ओरडतात आणि अर्ध्या मुलांना ते फाउल ऐकू येतं, मग सगळे थांबतात.

दुसऱ्यांदा बॅट लागण्याबद्दल थोडक्यात. फेअर बॉलला बॅट परत जाऊन लागली तर बॅटर आउट. टाकून दिलेल्या बॅटला बॉल घरंगळत येऊन लागला आणि मुलाचा अडवायचा हेतू नव्हता तर खेळ चालू. मुलगा अजून बॉक्समध्येच असताना चुकून दुसऱ्यांदा लागली तर फाउल. बॅट बॉलकडे गेली की बॉल बॅटकडे आला, एवढं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

आता टक्कर. बंट प्लेटच्या पुढे पडतो, कॅचर उठून त्याच्याकडे झेपावतो, बॅटर फर्स्टकडे निघतो, आणि दोघं धडकतात. एका बाजूने इंटरफिअरन्स (बॅटरने अडवलं), दुसऱ्या बाजूने ऑब्स्ट्रक्शन (फिल्डरने अडवलं), दोन्हीकडचे पालक उभे. या प्रश्नाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, सुद्धा गाजली आहे. 14 ऑक्टोबर 1975, सिनसिनाटी रेड्स आणि बोस्टन रेड सॉक्स यांची तिसरी मॅच, दहावी इनिंग, 5-5 बरोबरी. रेड्सच्या एड आर्मब्रिस्टरने बंट केला, कॅचर कार्लटन फिस्क आणि तो एकमेकांना आदळले, फिस्कचा सेकंड बेसकडचा थ्रो सेंटरफिल्डमध्ये गेला. अंपायर लॅरी बार्नेटने इंटरफिअरन्स दिलं नाही. त्यानंतर त्याच इनिंगमध्ये जो मॉर्गनच्या हिटवर रेड्स 6-5 जिंकले, आणि तो निर्णय बरोबर की चूक यावर लोक आजही भांडतात. पण आजच्या पुस्तकात याबद्दल टीप आहे, की कॅचर बॉल उचलायला जाताना आणि बॅटर फर्स्टकडे निघताना दोघांचा संपर्क झाला तर सर्वसाधारणपणे कुणाचाच नियमभंग धरायचा नाही. दोघंही आपापलं काम करतायत. अर्थात मुलाने थांबून कॅचरला ढकललं, किंवा कॅचरने बॉल सोडून मुलाला धरलं, तर गोष्ट वेगळी. मुलांच्या मॅचला अंपायर घाबरून कुणाला तरी शिक्षा देतो, कारण मूल पडलंय आणि काहीतरी केलं पाहिजे असं वाटतं. इथे खेळ चालू आहे असं हात पसरून जोरात सांगणं, हाच निर्णय आहे, आणि तो द्यायला हिंमत लागते.

ही सूट फक्त कॅचर आणि बॅटरची, प्लेटजवळची. बॅटर पुढे गेल्यावर पिचर किंवा फर्स्ट बेसमनवर आदळला तर नेहमीचा नियम, बॉल उचलणाऱ्या फिल्डरला वाट द्यायची. बंटवर तिघं-चौघं फिल्डर धावून येतात, पण हक्क एकालाच मिळतो, आणि तो कुणाला हे अंपायरने ठरवायचं असतं. जो बॉल उचलायच्या स्थितीत होता तो. बाकीचे मध्ये आले तर तेच अडथळा आहेत.

आणि धावायची लेन. फर्स्ट बेसच्या वाटेवर शेवटच्या अर्ध्या भागात, म्हणजे मोठ्या मैदानावर शेवटचे 45 फूट आणि 60 फुटांच्या मुलांच्या मैदानावर शेवटचे 30 फूट, तीन फुटांची लेन आखलेली असते. बंट प्लेटजवळून उचलून थ्रो होत असताना रनर या लेनच्या बाहेर असेल आणि त्यामुळे फर्स्टवर थ्रो घेणाऱ्याला अडथळा झाला तर आउट. नुसतं लेनच्या बाहेर पळणं म्हणजे आउट नाही. थ्रोच झाला नाही, किंवा थ्रो डोक्यावरून वीस फूट वर गेला, तर लेनचा संबंध येत नाही. मेजर लीगने 2024 मध्ये हा नियम बदलून रेषेच्या आतल्या बाजूला गवतापर्यंतच्या मातीवरून पळायला परवानगी दिली, ते टीव्हीवर बघून लोक मुलांच्या मॅचला तेच सांगतात. तिथे स्वीकारलेल्या पुस्तकात तो बदल आला असेल तरच चालेल, टीव्हीवर दिसला म्हणून नाही.

हवेत उडालेल्या बंटला इनफिल्ड फ्लाय (सोपा उंच बॉल पकडायच्या आधीच बॅटरला आउट देणारा नियम) लागत नाही, कारण त्या नियमाच्या व्याख्येतच बंटचा प्रयत्न वगळलाय. पण फिल्डरने डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आउट) मिळवायला हातात आलेला बॉल मुद्दाम सोडला तर बॅटर आउट, बॉल डेड, रनर परत. हात न लावता बॉल जमिनीवर पडू दिला तर मात्र चालतं, तो हुशारीचा खेळ आहे.

शेवटचं, आणि हे सुरक्षिततेचं आहे म्हणून सांगतो. बंटचा आव आणायचा, थर्ड आणि फर्स्टचे फिल्डर आत धावत आले की बॅट मागे घेऊन जोरात स्विंग मारायचा. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये हा डाव कायदेशीर आहे. लहान मुलांच्या बऱ्याच स्पर्धांमध्ये स्थानिक नियमाने तो बंद केलेला असतो, आणि मला विचाराल तर बारा वर्षांखाली तो बंदच पाहिजे, प्लेटपासून पंधरा-वीस फुटांवर आलेल्या पोराच्या तोंडावर बॉल मारण्यात कसलं कौशल्य? पण बंद आहे तर लिहून द्या. बॅटर आउट का, रनर परत का, एकदा बॅट मागे घेतली की परत बंट चालेल का, सगळं लिहा. मी अशी स्पर्धा बघितली आहे जिथे एका मैदानावर यावर आउट दिला जात होता आणि बाजूच्याच मैदानावर हिट. तसंच स्क्वीझचं, म्हणजे थर्ड बेसवरच्या रनरला घरी आणायला केलेल्या बंटचं. लिटल लीगच्या 60 फुटांच्या मैदानावर पिच बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, त्यामुळे मोठ्या मैदानावरचा स्क्वीझ तिथे तसाच चालत नाही, हे कोचना आधी कळायला नको का?

म्हणून आयोजकांना माझी मागणी साधी आहे. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी एक कागद सगळ्या टीमना आणि अंपायरना द्या. त्यावर कुठलं पुस्तक लागू आहे ते, बंटचा आव आणून स्विंग चालेल का, प्रोटेस्ट कुणाकडे आणि कधीपर्यंत, आणि प्लेटवर पाय पडला तर काय, एवढं असलं तरी निम्मे वाद मिटतील. अंपायरांच्या बैठकीत बंटवर अर्धा तास द्या, हातात बॅट घेऊन, एकाने बॅट धरून ठेवायची, एकाने बॉलकडे न्यायची, आणि सगळ्यांनी मिळून ठरवायचं प्रयत्न कशाला म्हणायचं. जोडीला बेस अंपायर असेल तर प्लेट अंपायरने शंका आली की त्याला विचारावं, त्याला कडेने बॅट जास्त चांगली दिसते, विचारण्यात कमीपणा नाही. आणि प्रयत्न झाला असं वाटलं तर नुसतं स्ट्राइक न म्हणता, हो, बॉलकडे गेला, असं मोठ्याने म्हणा, म्हणजे मुलाला लगेच कळतं त्याने काय केलं.

आणि कोचनी आरडाओरडा न करता टाइम मागून प्लेटपर्यंत चालत जावं आणि एवढंच विचारावं, सर, बॅट बॉलकडे गेली असं तुम्हाला दिसलं, की बॅट तिथे होती म्हणून दिलात? पहिलं उत्तर आलं तर थँक्यू म्हणून परत यायचं. दुसरं आलं तर पुस्तक काढायचं, पुढची पिच पडायच्या आत.

आपला,
मुलांना बेसबॉल शिकवणारा एक वाचक